रविवारच्या बाकावरून शनिवारच्या वॉर्डात: मंडळीला सेवेला लावायचं कसं?

प्रश्न थोडक्यात असा आहे. तालुक्याच्या गावची ख्रिस्ती मंडळी, म्हणजे चर्चचा समुदाय, 110 कुटुंबं, रविवारच्या उपासनेला दोनशेच्या आसपास माणसं. पाळकसाहेब, म्हणजे चर्चचे धर्मगुरू, बायबलमधल्या याकोबाच्या पत्रावर वर्षातून तीन-चारदा उपदेश करतात, लोक माना डोलावतात, पण आजाऱ्यांच्या भेटीला, डबे पोचवायला, विधवांच्या कागदपत्रांना धावणारी माणसं तीच सात. सातांपैकी दोघांनी साठी ओलांडली आहे. बाकीच्यांना सेवेत कसं आणावं, आणि जे करतात त्यांचा नाताळात सत्कार करावा का, असं मंडळीच्या सचिवांनी विचारलं आहे.

आधी त्या उपदेशाबद्दल. तो चुकीचा नाही, पण त्याच्याकडून जे काम होणार नाही त्याची तुम्ही वाट बघताय. याकोबाच्या दुसऱ्या अध्यायातला उतारा नीट वाचा. तिथे गरिबी हा विषय नाहीच. उघडा असलेला, रोजच्या अन्नाला महाग झालेला एक भाऊ किंवा बहीण आहे, आणि त्याला सुखाने जा, ऊब घे, पोटभर खा म्हणणारा कुणीतरी एक आहे. माणूस समोर आहे. आपण मात्र पुलपिटावरून, उपदेशाच्या व्यासपीठावरून, दोनशे जणांना एकदम सांगतो, की सेवा करा. दोनशे जणांना सांगितलेलं काम कुणाचंच नसतं. ऐकणारा मनात हो म्हणतो, आणि सूचना संपेपर्यंत ते काम शेजारच्या बाकावर सरकवून मोकळा होतो.

पॅरिसमध्ये 1833 साली फ्रेडरिक ओझानाम हा जेमतेम वीस वर्षांचा विद्यार्थी एका चर्चासभेत ख्रिस्ती धर्माची बाजू मांडायचा. तुमचं चर्च आज गरिबांसाठी करतंय काय, असं त्याला तिथे सुनावलं गेलं. त्यातून सेंट व्हिन्सेंट डी पॉल सोसायटी उभी राहिली. वसई-मुंबईच्या धर्मग्रामांत (एकेका चर्चच्या हद्दीतल्या वस्त्यांत) तिची कामं अनेकांनी जवळून पाहिलेली आहेत. पण या गोष्टीतला उपयोगाचा भाग पुढे आहे. ओझानाम आणि त्याच्या सोबतची पोरं सिस्टर रोझाली रेंदू या जोगिणीकडे, म्हणजे ननकडे, गेली. तिने त्यांना घरं सांगितली: या गल्लीत हे कुटुंब, त्या जिन्यावर ती म्हातारी. गेल्यावर वागायचं कसं तेही शिकवलं. पोरांपाशी तळमळ होती, पत्ता नव्हता. तुमच्या मंडळीचंही बहुधा तेच आहे.

म्हणून पहिलं काम यादीचं. एक शंभर पानी वही घ्या आणि सात जुन्या सेवकांना एका संध्याकाळी बसवा. उपासनेला येऊ न शकणारे, अंथरुणाला खिळलेले, गेल्या वर्षभरात घरातलं माणूस गेलेले, मुलं परगावी असलेली म्हातारी जोडपी, दारूने घर मोडत चाललेली कुटुंबं. 110 घरांच्या मंडळीत पंधरा-वीस नावं सहज निघतात, आणि त्यातली चार-पाच अशी असतात की सगळे एकमेकांच्या तोंडाकडे बघतात: अरे, ही बाई दिवाळीपासून दिसलीच नाही. प्रत्येक नावापुढे एकच ओळ लिहा. नेमकं काय लागतं? ‘प्रार्थना’ असं लिहू नका, ती सगळ्यांनाच लागते. ‘महिन्याला एकदा बीपीच्या गोळ्या आणून देणे’, ‘गुरुवारी डायलिसिसला सोबत’, ‘तहसीलचा फॉर्म’ असं लिहा.

बायबलमधली ‘प्रेषितांची कृत्ये’, अध्याय सहा, इथे मार्गदर्शक आहे. पहिल्या मंडळीत रोजच्या अन्नाच्या वाटणीत ग्रीक बोलणाऱ्या विधवांकडे दुर्लक्ष होतंय अशी कुरकुर आली. प्रेषितांनी सगळ्यांना प्रेमावर उपदेश दिला नाही; सात माणसं नेमली. स्तेफन, फिलिप्प आणि पुढची पाचही नावं बघा, सातही ग्रीक. ज्या बाजूने तक्रार आली, त्या भाषेच्या नावांची माणसं वाटपाला उभी राहिली. तुमची समिती जर दोन-तीन जुन्या घराण्यांचीच असेल, तर वस्तीतल्या नव्या कुटुंबांची नावं वहीत येणारच नाहीत. वही लिहायला त्या वस्तीतली एक बाई बसवा. ती नसेल तर दर वर्षी तीच दहा घरं सापडतील, आणि त्यातली निम्मी कुणाच्या ना कुणाच्या नात्यातली.

आता माणसं. ‘देवाने तुम्हाला कोणतं दान दिलं आहे ते लिहा’ असे फॉर्म वाटू नका. लोक लाजतात, किंवा गायन लिहितात. त्याऐवजी पोस्टकार्डाएवढ्या कागदावर सहा साधे प्रश्न विचारा: कोणता वार मोकळा, दुचाकी आहे का, पंचवीस माणसांचा स्वयंपाक उरकतो का, मराठी-इंग्रजी फॉर्म भरता येतो का, रक्तगट कोणता, नर्सिंग किंवा शिक्षकी केली आहे का. शेवटच्या प्रश्नाला आपल्या मंडळ्यांत हमखास हात वर होतात. डॉ. वानलेस यांनी 1894 मध्ये मिरजेला रुग्णालय उभारलं, तेव्हापासून मिशन हॉस्पिटलांच्या नर्सिंग शाळांतून आपल्या घराघरांत परिचारिका झाल्या. निवृत्त सिस्टर घरी बसून नातवंडं सांभाळते आहे आणि चार गल्ल्यांपलीकडे एका आजोबांच्या माकडहाडावर जखम चिघळते आहे, हे चित्र फार मंडळ्यांत दिसतं. तिने महिन्यातून दोन फेऱ्या मारून सुनेला तीन गोष्टी दाखवल्या तरी खूप होतं: दर दोन तासांनी कूस बदलायची, टाचा आणि माकडहाड रोज उजेडात बघायचं, आणि लाल झालेल्या जागी स्पिरिट लावून चोळायचं नाही. चोळण्याने खालचं नाजूक मांस आणखी दुखावतं. घरोघरी नेमकं तेच चाललेलं असतं.

कागद जमले की विचारायचं. सगळी गोम इथेच आहे. सूचनेत जाहीर करू नका, व्हॉट्सअ‍ॅपवर टाकू नका. उपासना सुटल्यावर चपला घालता घालता, एकेकाला बाजूला घेऊन. आणि विचारणारा पाळक नको. पाळकसाहेबांना नाही म्हणता येत नाही, म्हणून माणूस हो म्हणतो आणि दुसऱ्या आठवड्यापासून दिसत नाही. जो ते काम आधीपासून करतो त्यानेच विचारावं. विचारण्यात काम, वार-वेळ, जोडीदार आणि शेवटची तारीख या चार गोष्टी असल्याच पाहिजेत. म्हणजे लेंटमध्ये, इस्टरआधीच्या उपवासकाळात, असं: “ताई, शनिवारी सहा ते साडेसात, सिव्हिलचा महिला वॉर्ड, बरोबर मी आहे, लेंटचे सहा शनिवार. इस्टरला काम संपलं. पुढचं तेव्हा बघू.” शेवटची तारीख सांगायला लोक घाबरतात, वाटतं माणूस निघून जाईल. होतं उलटंच. एकदा हो म्हटलं की मरेपर्यंत सुटका नाही, हे त्या सात जणांकडे बघून सगळ्यांना दिसत असतं. म्हणूनच कुणी जवळ येत नाही. दहांना विचारलं तर तीन-चार हो म्हणतील असं धरून चाला आणि त्या हिशेबाने नावं काढा. नकार आला तर ‘बरं, पावसाळ्यानंतर विचारतो’ म्हणा आणि खरंच विचारा.

सुरुवात कधी करावी याचंही गणित आहे. डिसेंबरात नको, सगळे कॅरोल आणि नाटकाच्या तालमीत असतात. मे महिन्यात माणसं गावाला जातात. लेंट उत्तम, कारण मुदत आपोआप मिळते. दुसरी संधी पाऊस ओसरल्यावर हंगामाच्या सणाची. त्या दिवशी वेदीपुढे भोपळे, ज्वारीची कणसं, कोंबड्या मांडल्या जातात आणि मग लिलावात साधा भोपळा पाचशेला जातो. हात सैल असतात, मनंही. तो पैसा छपराच्या पत्र्यांत जिरण्याआधी त्यातला ठरावीक वाटा सेवानिधीला जाईल, असा ठराव सणाच्या महिनाभर आधी पास्टोरेट कमिटीत (मंडळीच्या कारभारी समितीत) करून ठेवा. लिलावानंतर मागाल तर भांडण होईल.

एक सोपी गोष्ट मिझोरामच्या मंडळ्यांकडून घेण्यासारखी आहे. तिथे 1910 पासून बायका रोज भात शिजवताना चर्चसाठी मूठभर तांदूळ बाजूला काढतात. हिशेब करून बघा: मूठ सुमारे 45 ग्रॅम, दोन वेळा, महिन्याला घरामागे पावणेतीन किलो. चाळीस घरांनी केलं तर शंभर किलोच्या वर. पैसे द्यायला नसलेल्या घरालाही यात देणारं होता येतं, हा मोठा फायदा. अडचण एकच, तांदळांची सरमिसळ. कोलम, रेशनचा आणि आंबेमोहोर एकत्र शिजवला तर एक गळतो, एक कच्चा राहतो. दोन पिंपं ठेवा, रेशनचा वेगळा.

आता डब्यांचं, कारण बहुतेक मंडळ्या तिथूनच सुरुवात करतात. सरकारी रुग्णालयात रुग्णाला जेवण मिळतं, नातेवाइकाला नाही. खेड्यावरून आलेली आई चार दिवस वडापाववर काढते. म्हणून डबा नातेवाइकांसाठी. आधी रुग्णालयाच्या समाजसेवा अधीक्षकांना लेखी पत्र देऊन परवानगी घ्या. किती डबे आणि कोणत्या वॉर्डात, हे तेच सांगतील. पंचवीस डब्यांना कणीक अडीच किलो (किलोला तीस-बत्तीस चपात्या, माणशी तीन), तांदूळ दोन किलो, तूरडाळ 700 ग्रॅम, भाजी निवडण्याआधी तीन किलो, तेल अर्धा लिटर. दोघी लाटायला आणि एक भाजायला असली की चपात्या दीड तासात होतात. डबा शाकाहारी ठेवा, म्हणजे कुणालाही न विचारता घेता येतो. ओलं खोबरं घालू नका, उन्हाळ्यात तेच आधी आंबतं. भात आदल्या रात्री करून ठेवू नका. शिजलेला भात गरम हवेत पडून राहिला की त्यात वाढणाऱ्या जंतूंचं विष पुन्हा गरम करूनही जात नाही. वाफ जाऊ दिल्याशिवाय झाकण लावलं तर चपात्यांचा लगदा होतो, म्हणून चपात्या कागदात वेगळ्या. साडेचारला स्वयंपाक उतरला तर झाकणावर मार्करने ‘साडेआठपर्यंत खावे’ असं लिहा. स्टीलचे डबे देऊ नका, रुग्णाला घरी सोडलं की डबाही गावाला जातो.

पण खरं सांगायचं तर वॉर्डात डब्यापेक्षा रांगेची गरज मोठी असते. एक्स-रे दुसऱ्या इमारतीत, रक्तपेढी तिसऱ्या, केसपेपरची खिडकी एक वाजता बंद. रुग्णाजवळ एकच माणूस असतो. तो खिडकीवर गेला की रुग्ण एकटा. तुमच्यातल्या एका निवृत्त गुरुजींनी फक्त ‘तुम्ही जा, मी बसतो इथे’ एवढं केलं तरी त्या बाईला कितीतरी हलकं वाटतं. त्याहून मोठं काम महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजनेचं, ज्याला लोक अजून जीवनदायीच म्हणतात. योजनेतल्या रुग्णालयात आरोग्यमित्राचं, म्हणजे योजनेच्या मदतनिसाचं, टेबल असतं. रेशनकार्ड आणि ओळखपत्र घेऊन दाखल होतानाच तिथे गेलं पाहिजे. योजना कॅशलेस आहे. बिल भरून झाल्यावर पावती घेऊन गेलात तर हात हलवत परत यावं लागतं. खासगी रुग्णालय धर्मादाय असेल तर दहा टक्के खाटा निर्धनांसाठी मोफत आणि दहा टक्के दुर्बलांसाठी सवलतीत ठेवणं त्याला बंधनकारक असतं. हे सांगायला वॉर्डात कुणी येत नाही. माहिती असलेला एक माणूस तिथे असणं हीच सेवा. तसंच विधवांचं संजय गांधी निराधार योजनेचं: अर्ज तहसीलला, सोबत उत्पन्नाचा दाखला, रहिवासाचा, वयाचा, पतीच्या मृत्यूचा. मृत्यूच्या दाखल्यावर ‘मार्था’, आधारवर ‘मारथाबाई’ आणि बाप्तिस्म्याच्या वहीत तिसरंच, असा घोळ आपल्याकडे नेहमीचा. अर्जाआधी नाव जुळवून घेतलं नाही तर दोन महिन्यांनी अर्ज परत येतो आणि ती बाई पुन्हा तहसीलची पायरी चढत नाही.

वॉर्डात वागायचे नियम नव्या माणसाला जाण्याआधी तोंडी सांगा. खाटेवर बसायचं नाही. आजार विचारायचा नाही. पाणी मागितलं तरी सिस्टरला विचारल्याशिवाय द्यायचं नाही, ऑपरेशनसाठी उपाशी ठेवलेला असू शकतो. दहा मिनिटांत उठायचं. आणि प्रार्थना? रुग्णाने म्हटलं तर, हळू आवाजात, दोन वाक्यांची. मागितली नसेल तर बाहेर येऊन जिन्यात करा, देवाला तिथूनही ऐकू जातं. डब्याबरोबर पत्रक, पुस्तिका, क्रूस काही द्यायचं नाही. यावर मंडळीत वाद होतो. काहींना वाटतं, मग ही ख्रिस्ती सेवा कशी? दोन कारणं आहेत. एक व्यवहाराचं: भुकेल्या माणसाच्या हातात अन्न आणि पत्रक एकदम दिलं की ते आमिष ठरतं, तक्रार होते, आणि रुग्णालयाचं दार सगळ्यांनाच बंद होतं. दुसरं मोठं: मत्तयाच्या शुभवर्तमानाच्या पंचविसाव्या अध्यायात भुकेल्याच्या रूपाने प्रभू स्वतःच समोर उभा आहे. त्यालाच पत्रक द्यायचं काय?

जोडीचा नियम मोडू नका. घरभेटीला दोघं, एकटं कधीच नाही. ओझानामच्या सोसायटीतही भेटी जोडीनेच होतात. एकटा गेलेला माणूस एक तर भोळेपणाने खिसा रिकामा करतो किंवा त्याच्यावर नसता आळ येतो. जोडीत एक जुना, एक नवा. लहान मुलांची अभ्यासिका चालवत असाल तर खोलीत दोन मोठी माणसं, दार उघडं, मुलाला एकट्याला दुचाकीवर सोडायचं नाही, आणि काही गैर कळलं तर ‘मंडळीची बदनामी’ म्हणून झाकायचं नाही. मुलांवरच्या लैंगिक अत्याचारांविरुद्धच्या 2012 च्या पॉक्सो कायद्याने ते पोलिसांना कळवणं बंधनकारक आहे. एवढी शिस्त पाळणं जमत नसेल तर अभ्यासिका सुरूच करू नका.

पैसा शक्यतो घरात रोख देऊ नका. औषधाचं बिल मेडिकलला, फी शाळेला, किराणा दुकानदाराला. पहिल्या भेटीत काहीच कबूल करायचं नाही. दोघांनी परत येऊन बोलायचं आणि दुसऱ्या भेटीत द्यायचं. सेवानिधीची पेटी दोघांनी मोजायची, आकडा तिथेच लिहून दोन सह्या. प्रेषित पौलाने करिंथच्या मंडळीच्या वर्गणीबाबत हेच सांभाळलं होतं, कुणाला बोट ठेवायला जागा नको म्हणून. अहवालात नाव नको, ‘कुटुंब क्रमांक 7, औषधे, 640 रुपये’ एवढंच. आणि परदेशातल्या नातलगांचं: अमेरिकेत असलेला भारतीय पासपोर्टवाला भाचा स्वतःच्या कमाईतून बँकेमार्फत देतो ते परदेशी देणगीत मोडत नाही, पण त्याने तिकडचं नागरिकत्व घेतलं असेल तर मोडतं, आणि मंडळीकडे एफसीआरएची (परदेशी देणग्यांच्या कायद्याखालची) नोंदणी नसेल तर ते पैसे घेता येत नाहीत. ‘आपलाच मुलगा आहे’ हे कारण तिथे चालत नाही.

बिघडतं कुठे? सगळ्यात आधी फोटोत. डबा घेणाऱ्या आईचा चेहरा मंडळीच्या ग्रुपवर गेला की ती पुढच्या शनिवारी रांगेत येत नाही. फोटो हवाच असेल तर भाजी चिरणाऱ्यांचा काढा.

मग मोठेपणात. तीनशे माणसांचं आरोग्य शिबिर, मंडप, प्रमुख पाहुणे. चाळीस जणांची साखर वाढलेली निघते, दहा दिवसांच्या गोळ्या मिळतात, अकराव्या दिवशी कुणी विचारायला नसतं. त्यापेक्षा पंधरा माणसांची साखर आणि बीपी दर महिन्याच्या दुसऱ्या रविवारी पडवीत मोजा, आकडे त्यांच्याच वहीत लिहून द्या. मंडप लागत नाही, म्हणून समितीला हे फारसं आवडत नाही. जुन्या कपड्यांचंही तसंच: गाठोडी येतात, निम्मी चिंध्यांची. रविवारी उपासनेला स्वतः घालाल तोच कपडा, धुऊन, बटणं लावून. बाकीचं घेणाऱ्याने दारातच परत करायचं धाडस ठेवावं.

आणि बिघडतं त्या सात जुन्यांत. नवी माणसं आली की ‘आमच्या वेळी असं नव्हतं’ सुरू होतं. त्यांना हिणवू नका. इतकी वर्षं सगळा भार त्यांनीच ओढला आहे. पण प्रत्येकाकडून एक काम काढून घ्या आणि एक नवा माणूस शिकवायला द्या. तीन महिन्यांनी त्यांना एक महिना पूर्ण सुट्टी, सक्तीची. ज्याच्यावाचून काम अडतं असं सगळ्यांना वाटतं, तो पहिल्यांदा सुट्टीवर गेला पाहिजे. गैरहजेरीचा नियमही साधा ठेवा: शनिवारी जमणार नसेल तर गुरुवारी रात्रीपर्यंत जोडीदाराला फोन. कारण सांगायची गरज नाही, फोन मात्र पाहिजेच.

लेंटचे सहा आठवडे संपले की सगळ्यांना अर्ध्या तासासाठी चहाला बोलवा आणि दोनच प्रश्न विचारा: काय अडलं, आणि वहीत कोणतं नाव राहिलं? दुसऱ्या फेरीत वहीतली निदान एक तृतीयांश घरं मंडळीबाहेरची असावीत, नाहीतर वर्षभरात ही आपसातली भिशी होते. नाताळात कॅरोलच्या फेरीचा रस्ता या वहीवरून आखा. फटाके लावणाऱ्या बंगल्यापासून सुरुवात न करता अंथरुणावरच्या आजोबांपासून करा. आठ वाजता गेलात तर ते जागे असतात, साडेअकराला नसतात.

सत्काराचं विचारलंत. शाल-श्रीफळ नको. सत्कार सुरू झाला की कुणाचा झाला आणि कुणाचा राहिला याची दुसरी वही उघडावी लागते. द्यायचंच असेल तर डबे नेणाऱ्यांच्या पेट्रोलचे पैसे सेवानिधीतून वेळेवर द्या. निम्मे लोक संकोचाने ते मागत नाहीत, आणि दोन-तीन महिन्यांनी त्याच कारणाने गळतात.